वाळूतला चकवा

"गाडी हितंच होती," जाफर म्हणाला.

"हितं म्हणजे कुठं?"

"हितं म्हणजे हितं! टेकाडाच्या मागं."

अमिरुन्निसाने चौफेर पाहिलं. जिकडे बघावं तिकडे टेकाड, आणि प्रत्येकाला मागची बाजू. सौदीतल्या हाइल शहराहून जुब्बा गावाच्या वाटेवर गाडी कडेला लावून दोघं नवराबायको एक फोटो काढायला म्हणून वाळूत उतरली होती. जेद्द्याच्या अझीझिया भागात जाफरचं शिवणाचं दुकान. इतकी वर्षं ह्या मुलखात काढून अमिरुन्निसाने घर, दुकान आणि मक्केचं हरमशरीफ सोडून काही पाहिलं नव्हतं. आता पुढच्या महिन्यात कायमचं रत्नागिरीला परतायचं, म्हणून तिने हट्ट धरला होता, "जायच्या आधी मला मुलूख दाखवा."

मुलूख दिसला. फोटोही निघाला. मग वारा उठला, चाळणीतून पीठ झरावं तशी आभाळातून धूळ झरू लागली आणि दुपारचा सूर्य न घासलेल्या पितळी ताटलीसारखा विटका झाला. पाणी गाडीत, जाफरचा फोन गाडीत, अमिरुन्निसाच्या फोनला रेंज नाही. दिवस मावळायच्या आत गाडी सापडायलाच हवी होती.

"ही बघ! पावलं!" जाफर ओरडला. "दोन माणसं गेलीत. चल यांच्या मागनं."

दोघं त्या पावलांमागे हुरूपाने चालत राहिली. पावलं वळली, तशी ती वळली. एका ठिकाणी दोन माणसांची पावलं चार माणसांची झाली. अमिरुन्निसा थांबली. तिने आपला पाय उचलून एका ठशात ठेवला. चप्पल बेतल्यासारखी बसली.

वारा तेवढ्यात पडला. वाळूच्या पोटातून कुणी जातं ओढावं तशी घरघर आली आणि थांबली.

"चकवा लागलाय," ती हळूच म्हणाली.

"अगो, चकवा कोकणात असतो. हितं कसा येईल?"

"का? तुम्ही नाय आलात?"

चकव्यावरचा उतारा खाडीकाठच्या पोरासोरांना ठाऊक असतो: अंगावरचे कपडे उलटे करून घालायचे. जाफरने सदरा उलटा केला. अमिरुन्निसाने बुरख्यावजा अबाया काढून उलटा चढवला आणि बाहीकडे बघत राहिली.

"ही शिलाई? बायकोचा म्हणून असा शिवलात होय? दुकानात हेच विकता?"

"उलट्या बाजूनं कोण बघतं?"

"चकवा बघतो!"

आणि तेव्हाच धुळीतून हाक आली. लांबून, घोगरी, कापसात गुंडाळल्यासारखी.

"अस्सलामु अलैकुम!"

अमिरुन्निसाच्या ओठांवर जवाब आला, तोच जाफरने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"ओ देऊ नको! पहिल्या हाकेला ओ दिली की गेलीस. माणूस असंल तर तीनदा हाक देईल."

"अवो, पण सलाम आहे! सलामाला जवाब नाय दिला तर गुना लागंल."

"आणि दिला नि तो चकवा निघाला तर?"

"चकवा सलाम करील का?"

"सौदीतला करील."

दुसरी हाक आली, जरा जवळून. दोघं एकमेकांना धरून उभी राहिली. धुळीने त्यांच्या भुवया, पापण्या, जाफरची दाढी सगळं पांढरंफटक झालं होतं. आता तिसरी येईल, मग जवाब देऊ, म्हणून दोघांनी कान टवकारले. तिसरी आलीच नाही. ती शांतता अमिरुन्निसाला सोसवेना. भीती वाटली की ती आईचं गाणं म्हणायची, तसंच आता नकळत ओठांवर आलं. बारीक, लांबट सुरात:

"दर्याच्या पल्याड दिवा कुणाचा गो दिसतो,
आपल्याच घराचा, परका होऊन बसतो..."

धुळीपलीकडे काहीतरी धप्पकन पडलं. आणि तोच घोगरा आवाज, आता कापरा होऊन, भुताखेतांपासून राखणारी कुराणातली आयतुल कुर्सी भराभर पढू लागला.

जाफरचा चेहरा उजळला. "अगो, माणूस आहे! चकवा कधी आयतुल कुर्सी पढंल का?"

"मघापासून मी काय सांगतेय? जवाब द्या, जवाब द्या!"

"वालैकुम सलाम!" दोघं एका सुरात ओरडली आणि हात पसरून आवाजाच्या दिशेने धावली. धुळीतून एक उंच बदू, वाळवंटातला अरब, दिसला. त्यालाही ही दोघं दिसली. पांढऱ्या चेहऱ्यांची, उलट्या कपड्यांची, उसवल्या शिवणींची, आनंदाने किंचाळणारी. त्याने एक आरोळी ठोकली आणि जो पळाला, तो थेट टेकाड ओलांडून पळाला.

"अवो भाऊ, थांबा! वालैकुम सलाम!" अमिरुन्निसा मागून जवाब देत राहिली.

तो पळाला तिकडेच रस्ता होता. त्याची पिकअप धुरळा उडवत निघून गेली, आणि ती उभी होती तिथेच मागे जाफरची गाडी. रिकामी गाडी बघून तो बिचारा हुडकायलाच आला असावा, कारण त्याच्या पावलांशेजारी पाण्याची भरलेली बाटली पडली होती.

कपडे सुलटे करून, तोंडं धुऊन दोघं हाइलला पोचली तेव्हा ऊन अजून भिंतींवर होतं. बाजारात श्रीवर्धनच्या उसामाचं चहाचं दुकान. त्याने चहा ठेवता ठेवताच विचारलं, "चाचा, जुब्ब्याच्या बाजूनं नाय ना आलात? मघाशीच एक बदू येऊन गेला. म्हणतो, तिथं जिन दिसलेत. दोन. नवरा-बायको."

"नवरा-बायको?" जाफरने चहाकडे बघत विचारलं. "ते कशावरून?"

"तो म्हणतो, दोनदा सलाम केला तर जवाब नाय. पण आपसात एकाचंही तोंड मिटत नव्हतं. एका शब्दाला दोन जवाब!"

अमिरुन्निसाने जाफरकडे पाहिलं. जवाब द्यायला त्याने तोंड उघडलं, मग कुणी ऐकत तर नाही ना, म्हणून दुकानात सभोवार नजर टाकली, आणि मुकाट्याने चहा प्यायला लागला.