गाडीबरोबर आलेले टायर

नाथाजी मेजरांनी त्या संध्याकाळी टायरकडे वाकून बघितलं नसतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण पुण्याहून मुलाचा फोन आला, मेजर उठले, चष्मा लावून नव्या कॅरव्हॅनच्या चाकाजवळ उकिडवे बसले, आणि त्या घटकेपासून घराची शांतता गेली.

(नाथाजी मेजर हे मेजर नव्हते. फौजेत ते स्टोअरला हवालदार होते. पण कराडच्या आसपास कुठल्याही गावात पेन्शनीत आलेल्या माणसाला मेजरच म्हणतात. खरा मेजर आला तर त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न गावापुढं अजून उभा राहिलेला नाही.)

कॅरव्हॅन म्हणजे जीपच्या मागं जोडायची चाकावरची खोली. आत दोघांपुरता पलंग, छोटा ओटा, त्यावर दोन बर्नरची शेगडी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. कुपवाडच्या सूरजनं ती आपल्या शेडमध्ये बनवून दिली होती. सूरजनं जन्मात उसाच्या ट्रॉल्यांशिवाय काही बनवलं नव्हतं, त्यामुळं कॅरव्हॅन भलतीच दणकट झाली होती, तिचं मागचं दार दोन्ही बाजूंना उघडत होतं आणि पुढचा हूक तर हुबेहूब ट्रॉलीचाच होता. मेजरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. दणकट वस्तू त्यांना आवडत.

गाडी घेतली होती शालूबाईंसाठी, म्हणजे मेजर तरी तसं सांगत. लग्न झाल्यापासून शालूबाई फिरायला म्हणून जिथं जिथं गेल्या, तिथं तिथं वाटेत कुणीतरी पाहुणा निघाला. महाबळेश्वरला निघाल्या त्या मेढ्याला नणंदेच्या घरी अडकल्या. जोतिबाला निघाल्या त्या वडगावला चुलतसासूकडं. आणि पाहुण्याच्या दारात पाय ठेवला की कुणीतरी लाडानं म्हणायचं, एवढ्या लांबनं आलीयास तर तुज्या हातची भाकरी खाऊ दे की. मग शालूबाई पदर खोचून परक्या तव्यापुढं बसायच्या. त्यांचं मागणं आता एवढंच होतं, की कोयनानगरला जायचं, जिथं आपलं म्हणावं असं एकही माणूस राहत नाही, दोन दिवस धरणाचं पाणी बघत बसायचं आणि भाकरीच्या पिठाला बोट लावायचं नाही. मेजरांनी यातलं कोयनानगरपर्यंतचं ऐकलं होतं. पुढचं ऐकायचं राहून गेलं होतं.

घाई होती ती उसाची. कारखाना सुरू झाला होता आणि घरच्या उसाला तोड यायच्या आत जाऊन यायला हवं होतं. तोडणीची टोळी एकदा रानात शिरली की मेजर बांध सोडणार नाहीत आणि ऊस गेला की लग्नसराई, हे शालूबाई जाणून होत्या. म्हणून त्यांनी बॅग भरून कॅरव्हॅनच्या पलंगाखाली ठेवलीसुद्धा होती. नवी मोरपंखी साडी घडी मोडायची थांबली होती.

आणि तेवढ्यात पुण्याहून मुलाचा, यशराजचा फोन. त्याचं म्हणणं असं, की त्यानं इंटरनेटवर वाचलंय, असल्या गाड्यांना बनवणारा जे टायर बसवून देतो ते निव्वळ गाडी दारात पोचण्यापुरते असतात. जाणती माणसं पहिल्या ट्रिपच्या आधी ते काढून टाकतात आणि चांगले घालतात. न काढणाऱ्यांचं काय होतं, त्याचे व्हिडिओ त्यानं वडलांना पाठवले. मेजरांनी ते सगळे बघितले, दोनदा.

आता मेजरांची पंचाईत अशी, की आयुष्य स्टोअरमध्ये गेलेलं. कोरा टायर काढून फेकायचा म्हणजे त्यांना स्वतःचा धडधाकट दात उपटल्यासारखं वाटे. आणि नाही काढला, आणि घाटात फुटला, आणि शालूबाई आत असल्या तर? या विचारानं ते रात्री उठून बॅटरी घेऊन टायर बघून यायचे. बायकोवर त्यांचा जीव होता. फक्त तो जीव टायरच्या वाटेनं बाहेर पडत होता.

त्यांनी सूरजला फोन केला. सूरज म्हणाला टायर एक नंबर हायत, मेजर, बिनघोर जावा. (ज्यानं बसवले तो दुसरं काय म्हणणार, असं मेजरांनी मनात म्हटलं.) मग त्यांनी शेजारच्या धनाजीला बोलावलं. धनाजीचे दोन ट्रॅक्टर कारखान्याला ऊस ओढायचे, म्हणून टायरच्या बाबतीत गावात त्याचा शब्द शेवटचा. धनाजी आला आणि त्यानं टायरला लाथ घातली. आपल्याकडं टायर तपासायची हीच पद्धत आहे. लाथ घालायची, मान तिरकी करायची आणि आवाज संपेपर्यंत थांबायचं.

"लय हलकं हाय, गड्या," धनाजी म्हणाला.

ही बातमी फुटली आणि गावातून माणसं लाथा घालायला येऊ लागली. येणारा आधी लाथ घाली, मग मत देई, मग दारातल्या ओट्यावर टेकून चहा घेई. निम्मे म्हणाले बदला, निम्मे म्हणाले कशाला बदलता. गावातले म्हातारे तात्याबा म्हणाले एकच बदला आणि फरक बघा. मेजरांना प्रत्येकाचं पटत होतं. आज जायचं ते उद्यावर गेलं, उद्याचं परवावर, आणि शालूबाई आधणावर आधण ठेवत राहिल्या. कोयनेला जायच्या आधीच त्यांच्या घराचं हॉटेल झालं. एकदा कपबशा विसळता विसळता त्यांनी विचारलंही, की आपल्याला धरण बघायला जायचंय का टायर. मेजर म्हणाले, तुझ्याच जिवासाठी चाललंय हे. त्यावर शालूबाईंनी बशी जरा जोरात आपटली.

शेवटी तोडगा धनाजीनं काढला. त्याच्या उसाची तोड चालूच होती. तो म्हणाला, कॅरव्हॅनमध्ये माझा ऊस भरू. रातभर भरलेली उभी करू. सकाळी टायर बसला नाही तर दोन माणसांनी काय बसतोय. मेजरांना हे इतकं शास्त्रशुद्ध वाटलं, की आपल्याला का सुचलं नाही म्हणून वाईट वाटलं. पलंगावरची गादी घरात आली आणि मोळ्यांमागून मोळ्या आत गेल्या. मागच्या दारातून पार छतापर्यंत ऊस भरला. शेंड्याचं हिरवं वाढं खिडकीतून बाहेर आलं आणि फुलाफुलांचे पडदे त्याच्यावर लोंबू लागले. शालूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, माझी बॅग आत हाय. मेजर म्हणाले, ती पलंगाखाली हाय, तिला काय हुतंय. त्या रात्री त्यांना फार चांगली झोप लागली.

सकाळी मेजर हवा मोजायचं मीटर घेऊन बाहेर आले, तर मोजायला काही नव्हतं. कॅरव्हॅनच्या जागी थोडं पाचट पडलं होतं आणि त्यावर धनाजीचं कुत्रं बसलं होतं.

चोरी झाली म्हणून मेजर पोलिसांत निघालेच होते, पण धनाजीनं डोक्याला हात लावला. त्याचा नवा ड्रायव्हर बिरदेव. जत भागातला, मेंढरांमागं हिंडलेला, आता ट्रॅक्टरवर आलेला. त्याला कामाची रीत एवढीच सांगितली होती, की पहाटे यायचं, भरलेलं असंल ते जोडायचं आणि कारखान्याला न्यायचं. बिरदेव पहाटे आला, भरलेली ट्रॉली जोडली, तिच्यामागं भरलेली कॅरव्हॅन जोडली (हूक तोच, पिनही बसली) आणि गेला. पुढं त्याला जाब विचारला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "पडदं बगून मला बी वाटलं, ट्रालीला पडदं कशाला. म्हटलं मेजरांची हाय, आसंल."

मेजर स्कूटरवर बसले. शालूबाई मागं बसल्या. तू कशाला, असं विचारायची मेजरांची टाप नव्हती, कारण साडी आत होती.

कारखान्याच्या तळावर वाहनांच्या रांगाच रांगा लागल्या होत्या. आत काहीतरी मोडलं होतं, गाळप थांबलं होतं आणि मागून येणारे येतच होते. सगळ्याच्या मधोमध, पुढं ट्रॉली, मागं ट्रॅक्टर, दोन्ही अंगांना बैलगाड्या, अशी ती पडदेवाली कॅरव्हॅन उभी होती. नंबर आला की ट्रॉली क्रेननं उचलून सरळ उलटी करतात, हे मेजरांना ठाऊक होतंच, पण आपल्या गाडीकडं बघताना ते पहिल्यांदा नीट समजलं. त्यांनी शर्ट काढला आणि स्वतःच्या हातानं मोळ्या ओढायला लागले. बिरदेव ओढलेल्या मोळ्या शेजारच्या अर्ध्या भरलेल्या बैलगाडीत चढवत होता. दुपारपर्यंत मेजरांच्या कमरेनं राजीनामा दिला होता.

ऊस निघाला, पण गाडी निघेना. रांग हलल्याशिवाय बाहेर पडायला वीतभर वाट नव्हती आणि गाडी एकटी सोडून जायला मेजर धजेनात. पुन्हा कुणी जोडून नेली तर? तेव्हा शालूबाईंनी पाचटाचाच झाडू करून आत झाडून घेतलं, बॅग काढली, मोरपंखी साडी नेसली आणि दारात पाय सोडून बसल्या.

गेटाशी रंगुबाईची खानावळ होती. रांगेतल्या माणसांना ती जाग्यावर जेवण पोचवायची. संध्याकाळी ती पाटी घेऊन आली, शालूबाईंच्या पुढं ताट ठेवलं, पिठलं वाढलं, तव्यावरची भाकरी वाढली आणि ती संपायच्या आत दुसरी पुढं केली. नको म्हटलं तर म्हणाली, "घ्या वो, गरम हाय. बसून खावा." शालूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बसून खावा असं त्यांना कुणी म्हटल्याला किती वर्षं झाली, ते त्यांना आठवेना. ठेच्यामुळं आलं असेल म्हणून मेजरांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

दोन दिवस गाळप बंद राहिलं. शालूबाईंनी चहा मागवून प्यायला, बैलं बघितली, गाडीवाणांच्या बायकांशी माहेरच्या गप्पा मारल्या, दुपारच्या झोपा काढल्या. मेजरांचीही चैन होती. आजूबाजूला हजारभर टायर, आणि प्रत्येकाच्या शेजारी रिकामा बसलेला एक ड्रायव्हर. ते रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मतं गोळा करत हिंडले.

दुसऱ्या संध्याकाळी ते आनंदात परतले. टनभर ऊस घेऊन, एवढे खड्डे खाऊन टायरला काही झालं नव्हतं, म्हणजे तसा निकाल लागला होता. आता रांग सुटली की थेट कोयना. आणि तिथं काय थाट, आपलीच शेगडी, आपलाच ओटा, शालूच्या हातची गरम भाकरी आणि समोर पाणी. मेजर बोलत होते आणि शालूबाई त्यांच्याकडं बघत होत्या.

"आवं," त्या म्हणाल्या, "पावण्यांच्यात भाकरी बडवायची, ती मी आता धरणावर जाऊन बडवायची. मग टायर बदला न्हाईतर ऱ्हाऊ द्या, मला काय त्याचं? ह्या उसात मी दोन दिस बसून खाल्लंय. मला हितंच ऱ्हाऊ द्या."

मेजर पायरीवर बसले. टायर सोडून दुसऱ्या कशाचा विचार करायला त्यांना जरा वेळ लागला. पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचारलं, की भाकरीला पीठ मळायचं ते गार पाण्यात का गरम.

भोंगा झाला, रांग हलली. धनाजी मेजरांची जीप घेऊन आला आणि खाली मान घालून म्हणाला, तुमच्या रानात टोळी आली तर मी उभा राहतो, तुम्ही जाऊन या. घाट चढताना मेजर तीनदा थांबून मागं बघून आले. टायर होते तसेच होते.

कोयनानगरला शालूबाई खुर्ची टाकून पाण्याकडं तोंड करून बसल्या. मेजर खांद्यावर पंचा टाकून शेगडीपुढं उभे होते. त्यांची पहिली भाकरी जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली, दुसरी तव्याला चिकटली, तिसरी खाता येईल अशी होती आणि ती शालूबाईंच्या ताटात गेली. तेवढ्यात पुण्याकडचं एक तरुण जोडपं कॅरव्हॅन बघायला थांबलं. त्यांनी आत डोकावलं, पडदे बघितले, घामानं निथळणारे मेजर बघितले. ती मुलगी शालूबाईंजवळ येऊन हळूच म्हणाली, की काकू, गाडी छानच आहे, पण आचारीसुद्धा बरोबर, म्हणजे कमालच. कुठून शोधलात?

शालूबाईंनी घास चावून गिळला, मागं वळून मेजरांकडं नीट एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "शोधलं न्हाई, बाई. गाडीसंगटच आल्यात, कंपनीचं हायत. बदलावं का न्हाई, माजं आजून ठरत न्हाई."