इंद्रसिंगची घरभेट

सेवाबंधू मंडळाचा निळा पट्टा आपल्या छातीवर झळकणार, आणि तोही नाताळच्या आत, असं इंद्रसिंगने म्हसावदच्या बाजारात इतक्या जणांना सांगितलं होतं, की आता पट्टा मिळाला नसता तर त्याला गावच बदलावं लागलं असतं! त्याच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात स्क्रीन बदलायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही बातमी फुकट मिळत होती.

मंडळ चर्चचं होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सा ही मोठी प्रार्थना झाली की निळे पट्टेवाले दोन-दोनच्या जोडीने निघायचे आणि गरजूंच्या घरी धान्य पोचवायचे. पण इंद्रसिंगचा खरा डोळा होता तो सासऱ्यावर. धनसिंगमामा मंडळाचे सगळ्यात जुने सदस्य. तोरणमाळच्या घाटाखालच्या पाड्यावरून पहाटे निघून मिस्सेला हजर! साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी इंद्रसिंगला चारचौघांत आपादमस्तक न्याहाळलं होतं आणि म्हणाले होते, "या पोऱ्यानी जीभ लई चालस. हात चालतस का, ते दखू." त्याला अकरा वर्षं झाली. मामा अजून बघतच होते. त्यांच्या शेजारी त्याच पट्ट्यात उभं राहायचं, एवढंच इंद्रसिंगला हवं होतं. त्यासाठी त्याची काहीही करायची तयारी होती, आणि घोटाळा नेमका तिथेच झाला.

"अर्ज दिला खरा," त्याचा मित्र ईश्वर दुकानात चार्जर घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "पन घरभेट व्हयनी का?"

"कसली घरभेट?"

"दोन जन येतस. काही इचारत नईत. नुसतं घर दखतस अन् चालना जातस! मन्हा घरमा सोफा दिसना, तठेच मन्हं नाव कटनं. त्यासले साधा मानूस लागस."

ईश्वरचं नाव कटलं होतं ते प्रवचनात सलग तीन रविवार घोरल्यामुळे. पण हे त्याने सांगितलं नाही, आणि इंद्रसिंग तिथल्या तिथे घरातल्या वस्तू मोजू लागला. घरी सोफा होता. त्रेचाळीस इंची टीव्ही होता, फ्रीज होता, कूलर होता. एकेक वस्तू त्याला आता पापासारखी दिसू लागली!

घरभेटीच्या दिवशी सकाळीच त्याने सगळा संसार शेजारच्या उमाकांत पाटलांच्या रिकाम्या गोठ्यात हलवायला काढला.

"काय भाऊ, वाटनी व्हयनी का?" उमाकांतभाऊंनी घाबरून विचारलं.

"नई, साफसफाई!" इंद्रसिंग धापा टाकत म्हणाला.

भीतीने धरलं की माणसाला थांबायचं कुठे ते कळत नाही. टीव्ही गेला, फ्रीज गेला, सोफा गेला. मग गादी, मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ. शेवटी तो गॅसची शेगडी काढायला लागला तेव्हा त्याची बायको रिना दारात आडवी उभी राहिली.

"अहो, शेगडी काबर लई जाई ऱ्हायनात? मी रांधू कसावर?"

"एक दिवस चूल पेटव! मन्ही इज्जत तुन्हा हातमा शे!"

रिनाने कपाळावर हात मारला आणि तीन दगड मांडले. लाकडं ओली निघाली. घरभर धूर!

नेमके तेव्हाच भिला गुरुजी आणि आणखी एक बंधू दारात उभे राहिले. गुरुजी म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, शाळेतून निवृत्त झालेले, डोळ्यांत तेल घालून बघणारे. "जय येशू," एवढंच म्हणून ते आत आले. हात जोडून इंद्रसिंग भिंतीला चिकटून उभा राहिला.

गुरुजींनी भिंत पाहिली. तिथे टीव्हीच्या मापाचा पांढरा चौकोन होता आणि चार ताजी भोकं. त्यांनी फरशी पाहिली. तिथे फ्रीजच्या पायांचे चार डाग होते. मग चुलीपुढे बसलेली रिना पाहिली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

मंडळाचा नियम कडक होता. कुणाला काही विचारायचं नाही. विचारलं की माणसाला लाज वाटते. बघायचं आणि समजून घ्यायचं. गुरुजींनी बघितलं आणि समजून घेतलं! इंद्रसिंगचा खांदा थोपटून ते निघून गेले.

"पास!" इंद्रसिंग ओरडला. "गुरुजींचे डोळे भरून आले, पाहिलंस?"

"धूर व्हता तो," रिना म्हणाली.

पहिल्या रविवारी वेदीसमोर, बायबलवर हात ठेवून शपथ झाली. जी चिठ्ठी निघेल त्या घरी जाईन, ते घर कुणाचं हे कुणाला सांगणार नाही, त्या घरी एक शब्द बोलणार नाही. गुरुजींनी पट्टा घालताना त्याला मिठी मारली ती सोडेचनात. जोडी लावली सासऱ्याशीच! इंद्रसिंगची छाती पट्ट्यात मावेना.

डब्यातून चिठ्ठी काढली धनसिंगमामांनी. चिठ्ठीवर नाव नसतं, नुसती घराची खूण असते. मामांनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं. चिठ्ठी घडी करून खिशात टाकली आणि चालू लागले. वीस किलोंची गोणी खांद्यावर घेऊन इंद्रसिंग मागोमाग.

पाण्याची टाकी आली. मामा डावीकडे वळले. 'सुंदरबाईचं घर असणार,' इंद्रसिंगने ताडलं. बिचारी एकटी म्हातारी, छपराला ताडपत्री. पण सुंदरबाईचं घर मागे पडलं. मामा थेट इंद्रसिंगच्याच घराच्या निळ्या दारापुढे थांबले.

"मामा, आधी सेवा!" इंद्रसिंग धर्मात्म्याच्या सुरात म्हणाला. "चहा मंग पिऊत!"

मामांनी मान हलवली आणि पायरीकडे बोट दाखवलं.

इंद्रसिंगने पायरीकडे पाहिलं, मग मामांकडे. गोणी आपोआप खाली आली.

रिनाने दार उघडलं. तिच्यामागे घर तसंच भकास होतं, कारण उमाकांतभाऊ गोठ्याची किल्ली खिशात घेऊन शहाद्याला पाहुण्यांकडे गेले होते.

"बाबा? हाई काय शे?"

"चूप, पोरी. नियम शे."

"मामा, तसं नई, मी सांगस—" इंद्रसिंगची जीभ पहिल्यांदाच अडखळली.

"तूबी चूप! आत्तेच शपथ लिधी ना?" मामांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "जवाईबुवा, मी तुले वळखं नई. घरमा दाना नई, तरी दुसरासाठे गोनी उचलस!"

अकरा वर्षं ज्या कौतुकाची वाट पाहिली ते असं दारात येऊन उभं राहिलं, आणि इंद्रसिंगला ते आत घ्यायची हिंमत होईना.

रात्री रिनाने बापाला फोन लावला. "बाबा, टीव्ही तर—" एवढंच ऐकून मामांनी "नियम शे" म्हणत फोन ठेवला. तिने मग तांदळाची गोणी सरळ सुंदरबाईच्या दारी नवऱ्याला वाहायला लावली. सामान गोठ्यातच राहिलं, आणि एकदा चिठ्ठी निघालेलं घर त्याच जोडीकडे राहायचं, म्हणून पुढच्या महिन्यातही तेच. आधी मामांसोबत गोणी स्वतःच्या घरी, मग अंधारात एकट्याने सुंदरबाईकडे!

शेवटी धीर एकवटून इंद्रसिंग गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, आमचं आता बरं चाललंय. गरजूंच्या यादीतून नाव काढा."

"स्वाभिमानी माणूस!" गुरुजींनी त्याला पुन्हा मिठी मारली. "काढू या. नियमाप्रमाणे फक्त एकदा घरभेट होईल. रविवारी येतो. या वेळी तुमचे सासरेही म्हणतात, मी येणार."

आज शनिवार. टीव्ही भिंतीवर लावला तर खोटं उघडं पडतं, गोठ्यात ठेवला तर नाव यादीत राहतं. इंद्रसिंग सकाळपासून तो टीव्ही खांद्यावर घेऊन दोन घरांच्या मधोमध उभा आहे.