निळ्या खुर्चीतले निरीक्षक

अकरा वर्षं विशेष मुलांना शिकवल्यावर बाईंना कळवण्यात आलं, की तुम्हाला शिकवता येतं याचा कागद नाही. पदवीला बसायची उमेद उरली नव्हती, म्हणून त्यांनी पर्यायी मार्ग धरला: नोकरी सांभाळून अभ्यास, आठ चाचण्या आणि शेवटी स्वतःच्याच वर्गात निरीक्षकांसमोर चाळीस मिनिटांचा पाठ. पाठ फसला तर नोकरी जाणार होती. बाई इतक्या थकल्या होत्या, की त्यांना भीतीही धड वाटेना.

निरीक्षक आले आणि थेट खिडकीजवळच्या निळ्या खुर्चीत बसले. ती चिमणीची खुर्ची. वर्गातली ही मुलगी बोलत नसे, पण तीन वर्षांत ती दुसऱ्या खुर्चीत बसली नव्हती. ती येऊन निरीक्षकांच्या गुडघ्याशी उभी राहिली.

"सर, ती खुर्ची तेवढी..."

"पाठ सुरू झाल्यावर निरीक्षकानं जागा सोडायची नाही, असा नियम आहे बाई. मी इथे नाहीच असं समजा."

बाईंनी तसं समजून घेतलं. चिमणीला ते जमेना. ती खाली जमिनीवर बसली. या वर्गात जमिनीवर बसायचं ते गोष्टीसाठी, म्हणून बाकीची पाचही मुलं खाली उतरली. गोष्टीनंतर घरी जायचं असतं. गोष्ट कुणी सांगेना, तेव्हा ती झालीच असं धरून सगळ्यांनी दप्तरं पाठीला लावली आणि दाराशी रांग केली. मोजायचे मणी टेबलावर तसेच पडून राहिले.

"एकवीस मिनिटं झाली," निरीक्षक म्हणाले.

बाईंच्या अंगात समजावण्याचं त्राण नव्हतं. त्यांनी सवयीनं चित्रांची कार्डं काढली आणि एक निरीक्षकांसमोर धरलं: उठायचं. ते उठले. दुसरं: इथे बसायचं. ते मुकाट्यानं कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. बाईंनी, तेही सवयीनंच, त्यांच्या खिशावर सोनेरी तारा चिकटवला. चिमणी खुर्चीत बसली, दप्तरं उतरली आणि मोजणी सुरू झाली. सातव्या मण्याला वेळ संपला.

"दहापर्यंत मोजायचं ठरलं होतं," निरीक्षक फॉर्म काढत म्हणाले.

"हो." अकरा वर्षं सातव्या मण्यावर अडकली, म्हणून बाईंना आता मात्र रडू येत होतं.

निरीक्षकांनी बराच वेळ लिहून फॉर्म पुढे सरकवला. बाईंनी वाचलं. विद्यार्थी: एक, वय सत्तावन्न. अडचण: जागा सोडायला तयार नाही. पद्धत: चित्रकार्ड. निकाल: उत्तीर्ण.

दारापर्यंत जाऊन निरीक्षक घुटमळले. "बाई, हा तारा आता काढायचा का?"

"शाळा सुटेपर्यंत ठेवायचा असतो," बाई म्हणाल्या.