दहा यार्डांची घाई

सँड क्रीक कॉलेजच्या मैदानावर दहा यार्ड म्हणजे दहाच यार्ड, बोटभरही इकडेतिकडे नाही, आणि याचं सगळं श्रेय आपलं, असं डेल्बर्ट क्रूसे गेली एकतीस वर्षं गावाला ऐकवत आला होता. न्हाव्याच्या खुर्चीत, चर्चच्या जेवणात, एकदा तर दाताच्या डॉक्टरपुढे आ वासून बसलेला असतानासुद्धा!

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार खेपांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा; नेला तर पुन्हा चार खेपा, नाही तर चेंडू समोरच्यांचा. तो गेला की नाही हे ठरवायला कोणीतरी सीमारेषेवर दहा यार्डांची साखळी ताणून उभं राहावं लागतं. तिच्या दोन टोकांना दोन काठ्या. मागची काठी डेल्बर्टची, पुढची मर्ल स्वोबोडाची. कितवी खेप चालू आहे तो आकडा दाखवणारा फलक ऑगीकडे. ऑगी जनावरांचा डॉक्टर, आता निवृत्त. तिघांच्या वयांची बेरीज दोनशे आठ. पगार शून्य, पण प्रत्येकाला नेब्रास्काच्या थंडीत मिरवायला एक नारिंगी जाकीट. डेल्बर्ट ते जाकीट घालून लग्नांनासुद्धा गेला असता, पण बायको लव्हॉन दारात आडवी उभी राहायची.

जुने कोच वॉल्डो ब्रंट होते तोवर हे काम म्हणजे निव्वळ चैन होती. ब्रंटसाहेबांचा एकच मंत्र : चेंडू आपल्याकडे असेल तर समोरचा काय डोंबल गुण मिळवणार? म्हणून चेंडू पोटाशी धरायचा, गर्दीत घुसायचं, तीन यार्ड मिळवायचे. मग उठायचं, अंग झटकायचं, घोळका करून मसलत करायची, तेवढ्यात घड्याळ पळू द्यायचं आणि पुन्हा तीन यार्ड. साखळी एकदा हलेपर्यंत डेल्बर्टचा कपभर चिली, म्हणजे तिखट खिमा-राजमा, आणि त्यासोबतचा दालचिनीचा रोल निवांत संपायचा. हात पुसायलाही वेळ उरायचा.

यंदा ब्रंटसाहेब निवृत्त झाले आणि कॉलेजने कोल्टन रीस नावाचा नवा कोच आणला. वय एकतीस! म्हणजे डेल्बर्टने काठी हातात घेतली तेव्हा हा दुपट्यात होता. त्याने आल्या आल्या मसलत बंद केली. घोळका नाही, गप्पा नाही. एक खेप संपली की कोच काठावरून हातवारे करणार आणि बारा सेकंदांत पुढची खेप सुरू. "समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही," असं तो म्हणायचा. समोरच्याचं माहीत नाही, पण पहिल्याच सामन्यात श्वास गेला तो मर्लचा!

काय दशा झाली म्हणून सांगावी! साखळी एका जागी पोचून ताणली जाईपर्यंत चेंडू पुढच्या दोन जागा फिरून आलेला. ऑगीच्या फलकावर दोन, पंचाच्या बोटांवर तीन, आणि प्रेक्षकांत प्रत्येकाचा आकडा वेगळा. मर्ल मध्येच काठीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी मागून येतो." साखळीच्या दुसऱ्या टोकाला डेल्बर्ट बांधलेला होता, तो पुढे होणार कसा?

सोमवारी तिघांना बोलावणं आलं. कॉलेजची क्रीडाप्रमुख जॅनेल व्होबोरिल. लहानपणी डेल्बर्टच्या ट्रॅक्टरवरून पडून हात मोडून घेतलेली मुलगी, आता टेबलामागे चष्मा लावून बसलेली.

"मिस्टर क्रूसे, तुमच्या सेवेबद्दल कॉलेज तुमचं ऋणी आहे," तिने सुरुवात केली.

"पोरी, ऋणबिण म्हणालीस म्हणजे हाकलणार आहेस."

"अजून नाही. शनिवारी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा सामना आहे. सगळं गाव येईल. त्या दिवशी साखळी एकदाही मागे पडली नाही, तर काठी तुमची. पडली, तर पुढच्या आठवड्यापासून धावण्याच्या संघातली मुलं धरतील."

"धावण्याच्या संघातली? त्यांना नुसतं पळता येतं! थांबायचं कुठे ते कोण सांगणार?"

"तुम्ही. प्रेक्षकांत बसून."

डेल्बर्टचा चेहरा उतरला. प्रेक्षकांत बसून सामना बघायचा म्हणजे तिकीट काढून, थंड बाकावर, शेजाऱ्याच्या ढोपराचे धक्के खात! आणि जाकीट परत करायचं ते वेगळंच. एकतीस वर्षं जी जागा आपली म्हणून सांगितली ती गेली, तर न्हाव्याकडे बोलायचं तरी काय?

बाहेर आल्यावर त्याने जाहीर केलं, "आपणही वेग वाढवायचा! खेप संपायची वाट बघायचीच नाही. चेंडू कुठे जाणार ते आधीच ओळखायचं आणि निघायचं!"

"अजिबात नाही," मर्ल म्हणाला. "पंचाने हात वर केल्याशिवाय काठी उचलायची नाही. हा नियम आहे."

"नियम ब्रंटसाहेबांच्या काळातला!"

"नियम नियमाच्या पुस्तकातला, गाढवा!"

ऑगी दोघांच्या मध्ये उभा राहून म्हणाला, "आयुष्यभर मी गाईंची बाळंतपणं केली, पण एवढा आरडाओरडा कधी ऐकला नाही."

तरी डेल्बर्टने सराव सुरू केलाच. मंगळवारी संध्याकाळी लूथरन चर्चच्या गाडीतळावर लव्हॉनची कपडे वाळत घालायची दोरी दोन केरसुण्यांच्या दांड्यांना बांधून दोघं म्हातारे धावू लागले. लव्हॉन अंडी उकडायचं घड्याळ घेऊन खुर्चीत बसली.

"एकोणीस सेकंद!" ती ओरडली. "डेल्बर्ट, एवढ्यात माझी आई जिना चढायची! मोडलेल्या खुब्याने!"

"मर्लमुळे उशीर होतोय!"

"मर्ल चालतोय तरी सरळ! तू खेकड्यासारखा कुठे निघालायस?"

हा दोरीचा प्रकार पाद्रीबुवांनी खिडकीतून पाहिला आणि कोणाची तरी गाय सुटली असं समजून शेरीफच्या कचेरीत फोन केला. दहा मिनिटांत पाच शेतकरी, दोन दावी आणि बादलीभर मका हजर! गाय नाही म्हटल्यावर ते जाम हिरमुसले. मग आलोच आहोत तर म्हणून थांबले आणि लव्हॉनबरोबर सेकंद मोजू लागले. गुरुवारी न बोलावता वीसजण आले. पाद्रीबुवांनी कॉफी ठेवली, कारण रविवारी त्यांच्या प्रवचनाला एवढी माणसं येत नसत.

गुरुवारपर्यंत वेळ बारा सेकंदांवर आली. पण डेल्बर्टला अजून चार सेकंद वाचवायचे होते, आणि ते त्याला चिमट्यात सापडले. साखळीवर एक चिमटा असतो. साखळी ज्या ठिकाणी पांढऱ्या रेघेला भेटते, तिथे तो लावायचा, म्हणजे साखळी मैदानात कुठेही नेली तरी परत नेमकी त्याच जागी ताणता येते. ते काम ऑगीचं.

"चिमटा बंद!" डेल्बर्ट म्हणाला. "लावायला दोन सेकंद, काढायला दोन."

"आणि मोजायची वेळ आली तर?"

"अरे, एकतीस वर्षं दहा यार्ड बघतोय मी! झोपेत सांगेन!"

ऑगीने खांदे उडवले आणि चिमटा खिशात टाकला.

शनिवारी डेल्बर्टने कमाल केली. चिली नाही, रोल नाही, पायात नातवाचे हिरवे बूट! मर्लला साखळीने ओढत तो असा काही सुटला की लोक चेंडू सोडून त्याच्याकडे बघू लागले. कोच रीस काठावरून हातवारे करायचा, पोरं धडाधडा खेळायची, आणि साखळी प्रत्येक वेळी आधीच हजर! गाडीतळावरचे वीसजण प्रेक्षकांतून मोठ्याने सेकंद मोजत होते. जॅनेलने दुरून अंगठा दाखवला. बस्स! तेवढ्याने डेल्बर्ट हवेत गेला. उत्तरार्धात तो पंचाकडे बघेनासाच झाला.

सामना संपायला दोन मिनिटं राहिली तेव्हा सँड क्रीक चार गुणांनी पुढे होतं. चेंडू आपल्याकडे. पाहुण्यांची घड्याळ थांबवायची मुभा संपलेली. अशा वेळी शेंबडं पोरही सांगेल की चेंडू पोटाशी धरा आणि घड्याळ पळू द्या. पण रीसला हळू खेळणं माहीतच नव्हतं! त्याने चेंडू लांब फेकायला लावला. झेल सुटला, घड्याळ थांबलं. पुन्हा लांब. आठ यार्डांवर कसाबसा झेलला, पण झेलणारा सीमेबाहेर गेला, घड्याळ पुन्हा थांबलं. सहाव्या रांगेत ब्रंटसाहेबांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

तिसरी खेप, दोन यार्ड हवे. या वेळी पोरगा चेंडू घेऊन गर्दीत घुसला, धडपडला, सावरला आणि मर्लच्या काठीच्या पुढे बारा यार्ड सुसाट गेला!

"निघा!" डेल्बर्ट गरजला आणि काठी उपटून धावला. मर्लला मागे टाकलं, साखळी मागून खळखळत आली. शेजारून कोच रीसही पुढच्या खेपेचे हातवारे करत त्याच दिशेने पळत होता. तेवढ्यात पंचाची शिट्टी! पोरगा धडपडला तेव्हाच त्याचा गुडघा टेकला होता. चेंडू परत मागे, थेट मर्लच्या काठीजवळ. दहा यार्ड पुरे झाले की कमी पडले, डोळ्यांनी सांगता येत नव्हतं. पंच ओरडला, "मोजा!"

डेल्बर्टला काही ऐकू आलं नाही. मर्लच्या पुढे दहा यार्डांवर साखळी संपली आणि ताडकन ताठ झाली. डेल्बर्ट पाठीवर आपटला, हिरवे बूट आभाळाकडे! आणि साखळी वर उचलली गेली त्या क्षणी कोच रीसचा पाय नेमका तिच्यावर होता. तो तोंडावर गेला, घोटा मुरगळला, आणि पडता पडता त्याने जे हातवारे केले त्यांवरून चार खेळाडू चार दिशांना पळाले.

पंच डेल्बर्टच्या डोक्याशी येऊन उभा राहिला. "मागची काठी कुठे होती?"

डेल्बर्टने मान वळवली. सगळीकडे पांढऱ्या रेघा. सगळ्या सारख्या!

"चिमटा?"

ऑगीने खिशातून चिमटा काढून दाखवला. पंचाने डोळे मिटले. मैदानावर एवढी शांतता पसरली की पॉपकॉर्नचं यंत्र ऐकू येऊ लागलं. गेली काठी, डेल्बर्टला वाटलं. गेलं जाकीट. आणि सामना गेला तर गावसुद्धा सोडावं लागेल!

मग पंचाचं लक्ष मर्लकडे गेलं. मर्ल काठी रोवून खांबासारखा उभा होता.

"तुम्ही जागचे हललात?"

"तसूभरही नाही," मर्ल म्हणाला.

"का?"

मर्लने क्षणभर विचार केला. "तुम्ही हात वर केला नव्हता."

अख्खं मैदान उठून टाळ्या वाजवू लागलं! पुढची काठी जागेवर होती, म्हणजे शेवटची रेघ शाबूत होती. डेल्बर्टला उठवून मागे नेलं, साखळी ताणली. चेंडूचं नाक काठीच्या पुढे होतं, दोन बोटं! पुन्हा चार खेपा मिळाल्या.

पुढचं सोपं झालं, कारण कोच रीस बाकावर बर्फाच्या पिशवीत पाय घालून कण्हत होता. पोरांनी काठाकडे पाहिलं, हातवारे करायला कोणीच नाही. मग त्यांनी या हंगामात पहिल्यांदाच घोळका केला. सहाव्या रांगेतून एक ओळखीचा आवाज आला, "पोटाशी धरा रे!" आणि तीन हजार माणसं ओरडली, "पोटाशी धरा!" पोरांनी धरला. तीन यार्ड, मसलत. तीन यार्ड, मसलत. घड्याळ संपलं! गावच्या वर्तमानपत्राने दुसऱ्या दिवशी 'कोच रीस यांचा ऐनवेळचा संयम' असा मथळा दिला. फोटो मात्र हिरव्या बुटांच्या तळव्यांचा होता.

सोमवारी जॅनेलने निकाल दिला. "मिस्टर क्रूसे, साखळी एकदाही मागे पडली नाही. त्यामुळे शब्दाप्रमाणे काठी तुमची. पण यापुढे साखळीचे प्रमुख मिस्टर स्वोबोडा. त्यांनी काठी उचलल्याशिवाय तुम्ही उचलायची नाही. तुम्हाला इथे ठेवतेय ती केवळ त्यांच्या नजरेच्या भरवशावर."

बाहेर आल्यावर डेल्बर्टने न राहवून विचारलं, "मर्ल, त्या गोंधळात पंचाचा हात वर नाही हे तू पाहिलंस तरी कसं?"

मर्लने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कसला पंच नि कसला हात! पोरगा सुटला तेव्हा मी तुझ्याआधी पळणार होतो. गुडघाच अडकला. सामना संपल्यावर ऑगीने घोड्याचं मलम चोळलं, तेव्हा मोकळा झाला."

"म्हणजे तूसुद्धा! थांब, आत्ताच्या आत्ता जॅनेलला जाऊन सांगतो!"

"सांग की," मर्ल म्हणाला. "मग तिघेही जाऊन बसू प्रेक्षकांत."

डेल्बर्ट दारापर्यंत गेला होता. तिथेच थांबला, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि परत फिरला.

तेव्हापासून न्हाव्याच्या खुर्चीत आणि चर्चच्या जेवणात तो एकच गोष्ट सांगतो, की मर्ल स्वोबोडाची नजर म्हणजे घारीची नजर! दाताच्या डॉक्टरकडे मात्र हल्ली तो तोंड उघडतो ते फक्त दातांसाठी.