घाबरण्याचे कारण नाही

अंबरनाथजवळच्या पालेगावातल्या नव्या सोसायटीची टाकी किती भरली आहे आणि चौऱ्याऐंशी बिऱ्हाडांना ते पाणी किती वेळ पुरेल, हे मोबाइलवर सांगणारं अ‍ॅप अनीश लिहायला बसला, तेव्हा त्याचं भागीदाराशी, म्हणजे समीरशी, चांगलंच वाजलं.

"डायनॅमिक कर ना यार," समीर म्हणाला. "टाकी काय बघतोस, माणसं बघ. पाणी कमी दिसलं की पब्लिक बिथरते. ते दर मिनिटाला हिशोबात धरायला लागेल."

"त्यात तीन महिने जातील. मी इक्विलिब्रियम घेतोय. जेवढं येतं तेवढं जातं, पातळी एका जागी ठरते. माणसं काय, सरासरीत बसतात."

समीरने हात टेकले. रविवारची चाचणी पार पडली की बिल्डर हे अ‍ॅप आणखी चार इमारतींना घेणार होता, त्यामुळे घाई दोघांनाही होती.

रविवारी सकाळी टाकी पंच्याहत्तर टक्के भरलेली होती. अनीशने चहाबरोबर संदेश लिहायला घेतला : 'पाणी मुबलक आहे. घाबरण्याचे कारण नाही. कृपया साठवून ठेवू नये.' त्याची आई मालिनीताई शेजारी बसून चष्म्यातून ते वाचत होती. तो शुद्धलेखन तपासतोय तोवर ती उठून आत गेली. मग त्याने संदेश धाडला.

अंबरनाथमध्ये ज्याने चार उन्हाळे काढलेत त्याला एवढं कळतं, की पाणी खरंच मुबलक असलं तर ते कुणी कळवत बसत नाही. पाचच मिनिटांत वरखाली ड्रम सरकवल्याचे आवाज सुरू झाले. पातळी साठवर आली, तसा अ‍ॅपने इमानेइतबारे आपणहून दुसरा संदेश सोडला : 'पाणी अजूनही पुरेसे आहे.' त्या 'अजूनही'ने उरलेसुरले धीराचे लोकही खचले. बादल्या झाल्या, पातेली झाली, कुकर झाले, कुणी नातवाचा पोहायचा रबरी टब फुगवून भरला. तिसऱ्या संदेशात 'शांतता राखावी' असं होतं. पावणेआठला टाकीने तळ दाखवला आणि सेक्रेटरी जयदेव मोरे अंगाला साबण असतानाच टॉवेल गुंडाळून खाली आले.

संध्याकाळी सभा भरली. बिल्डरचा माणूस पुढेच बसला होता. अनीशची मान वर होत नव्हती.

"पातळी ठरणार होती ना हो?" जयदेवनी विचारलं. "ठरली. तळाला."

लोक हसले. शरमिंदा माणूस करतो तेच अनीशने केलं. तो दुसऱ्याचा दोष शोधू लागला.

"अ‍ॅप चुकलेलं नाहीये," तो म्हणाला. "एकाने कुणीतरी आधी नळ सोडला, त्याचा आवाज ऐकून बाकीच्यांनी सोडले. प्रत्येक फ्लॅटला मीटर आहे. आत्ता नाव दाखवतो."

"सोड ना, कशाला," समीर कानाशी पुटपुटला. पण यादी पडद्यावर आलीच. पहिली ओळ : फ्लॅट ३०४, सात वाजून दोन मिनिटे. संदेश गेला होता सात वाजून चार मिनिटांनी.

तीनशे चार अनीशचाच फ्लॅट होता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. सगळ्या माना मागच्या रांगेकडे वळल्या. मालिनीताई पदर सावरत उठली.

"अरे, तू 'घाबरण्याचे कारण नाही' लिहिताना दिसलास," ती म्हणाली. "म्हटलं, घरचाच पोरगा आहे, ह्याला आतलं माहीत असणार."