किशन सर आणि बाहेरचा थर

आमच्या शेजारचे किशन सर समोरच्याला नाव विचारायच्या आधी धमनीला थर किती असतात ते विचारतात. भाजीवाल्याला विचारतात, सिलिंडर घेऊन आलेल्याला विचारतात. भोकरच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवालाच गाठलं. हा सासरकडचाच काही प्रश्न असणार असं वाटून तो बिचारा घामाघूम झाला आणि "दोन" म्हणाला.

"तीन," सर म्हणाले. "आतला, मधला, बाहेरचा. समदे आतल्याच्याच मागं लागून राहिलेत. बाहेरच्याकडं बघा."

मग त्यांनी लग्नाची पत्रिका मागवली, तिची सुरळी केली आणि मुठीत धरली. "आता ही नळी आतून साफ हाय का न्हाई? हाय. पण मूठ आवळली की?" सुरळी चेपली. नवरदेवानं मान हलवली. शकूकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, शेजारी खाली मान घालून उभ्या होत्या.

सर जन्मभर शाळेत खेळाचे शिक्षक होते. आवाज अजून मैदानातलाच. नांदेडच्या आमच्या गल्लीत ते सकाळी तरातरा चालत. मागच्या वर्षी मात्र थोडं चाललं की पोटरी धरायला लागली. थांबावं लागे. ते कबूल करायला नको म्हणून सर कुणाच्याही घरापुढं उभे राहत आणि भिंत न्याहाळत. हा माणूस टॅक्स वाढवायला आलाय असं समजून लोक त्यांना चहा पाजू लागले.

शेवटी दवाखाना झाला. मांडीतली धमनी अरुंद झाली होती. डॉक्टरांनी फुगा घालून ती रुंद केली आणि सर पुन्हा तरातरा चालू लागले. पण काही महिन्यांत परत त्याच भिंती, परत तोच चहा.

सरांची थोरली बहीण, हदगावची आक्का, भेटायला आली. पलंगावर बसल्या बसल्या तिनं निकाल दिला. "शकू, फोडणीला तेल लई घालतीस तू. माझ्या भावाची नस तूच बुजवलीस."

दुसऱ्या दिवसापासून त्या घरातून फोडणीचा वास येणं बंद झालं.

पुढच्या तपासणीला मी सर आणि काकूंसोबत होते. सरांनी डॉक्टरबाईंना पायाचं काही विचारलंच नाही. "हे बायकोच्या तेलानं झालं का, तेवढं सांगा," म्हणाले.

बाईंनी कागदावर एकात एक तीन गोल काढले. "तेल कमीच बरं, सर. पण इतक्या लवकर परत अरुंद व्हायचं कारण जखम आहे. फुग्यानं धमनी ताणली जाते. मग बाहेरच्या थरातल्या पेशी जाग्या होतात. काही आत सरकतात, काही तिथंच व्रण तयार करतात. तो व्रण आकसला की अख्खी नळी बाहेरून आवळली जाते."

"म्हंजे आतून भरली न्हाई?"

"आतूनही थोडी भरते. पण हे बाहेरून आवळणं आम्हा डॉक्टरांच्याही उशिरा लक्षात आलं. या वेळी आत जाळी बसवू, स्टेंट. ती आवळू देत नाही."

सरांनी तो कागद घडी करून काकूंच्या हातात दिला. काकूंनी न उघडताच पिशवीत टाकला.

जाळी बसली. पाय चालू लागला, आणि तोंडही. थर किती, हे विचारणं तेव्हापासूनचं.

खरा सामना हदगावला झाला, आक्काच्या नातवाच्या बारशाला. पंगत बसली होती. आक्कानं वाढता वाढता सगळ्यांदेखत म्हटलं, "किशनला तेलाचं नका वाढू रे. घरी लई झालंय."

सर पानावरून उठले. "सावधान," म्हणाले. अर्धी पंगत खरोखर ताठ झाली; त्यांचे हदगावच्या शाळेतले विद्यार्थी होते ते. मग सरांनी तिन्ही थर, फुगा, जखम, व्रण, जाळी सगळं सांगितलं आणि आक्काला म्हणाले, "चल, माझ्यासंगं बसस्टँडापर्यंत."

पंगत सोडून सगळे मागं निघाले. सर एकदाही थांबले नाहीत. आक्का मात्र वाटेत दोनदा टेकली. स्टँडवर तिनं पदरानं घाम पुसला आणि काकूंना जवळ ओढलं. "शकू, माझंच चुकलं बाई. तुझा काय दोष न्हाई."

विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी त्या छाती काढून घेतल्या.

परतीच्या बसची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. काकू पेरू घ्यायला गेल्या होत्या. मी म्हटलं, "झालं ना सर? आता साऱ्या जिल्ह्याला बाहेरचा थर कळलाय."

"जिल्ह्याला कुठं सांगून राहिलो होतो, ताई," सर म्हणाले. मैदानातला आवाज कुठल्या कुठं गेला होता. "तिला सांगायचं होतं. 'मला बरं वाटावं म्हणून बोलता' म्हणायची, ऐकायचीच न्हाई. म्हणून ती संगं असली की दुसऱ्याला सांगायचो. आक्का येऊन गेल्यापासून माझ्यासमोर घास उचलत नव्हती ती. मला वाढायची आणि आत जाऊन मीठ-भाकर खायची."

काकू पेरू घेऊन आल्या. सरांच्या शेजारी टेकल्या, एक पेरू पदराला पुसला आणि स्वतःच चावा घेतला. सर दुसरीकडे बघत राहिले, काकूंना संकोच वाटू नये म्हणून.