दिव्यात न गेलेले तेल

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी सुखात राहत होते. म्हणजे घरात काही सुधारणा करावी, असे अजून कुणाला सुचले नव्हते.

तिथल्या एका बिळात धोंडोपंत नावाचे मुंगूस राहायचे. फार शहाणे. कुणी विचारो न विचारो, सल्ला तयार. त्यांच्या कोनाड्यात आजोबांच्या वेळचा दगडी दिवा होता. तो ढणढण जळायचा आणि घटाघटा करंजेल प्यायचा.

कोपऱ्यात त्याच तेलाचा एक बुधला होता, गळ्यापर्यंत भरलेला. त्याला कुणी हात लावायचा नाही, असे धोंडोपंतांच्या बायकोने, द्वारकाबाईंनी, बजावले होते. लेक सुभद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. मुंगसांची पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात. अंधारात एखादे आईच्याच अंगाखाली चेंगरते. म्हणून पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत बाळंतिणीच्या खोलीतला दिवा विझू द्यायचा नाही, अशी त्यांच्यात रीत आहे. बुधला त्यासाठी होता. नवे तेल थेट पुढच्या उन्हाळ्यात निघणार होते.

धोंडोपंतांना घोर लागला. हा अधाशी दिवा बुधला पुरू देईल का? असा घोर लागला की साधा प्राणी वात बारीक करतो. शहाणा प्राणी दिवा बदलतो.

तेवढ्यात कोल्हा आला. आता कोल्हा आला म्हणजे फसवणार, असे तुम्हाला वाटले असेल. पण या गोष्टीतला कोल्हा एक शब्दही खोटे बोलत नाही. स्वतःला फसवायला धोंडोपंत समर्थ होते.

कोल्ह्याने भट्टीत भाजलेला एक झुलता दिवा दाखवला. "पंत, हा चौथाई तेलात तितकाच उजेड देतो."

तो खरोखरच देत होता.

"आणि हा भाजायला भट्टीत तेल किती लागलं?" द्वारकाबाईंनी विचारले.

"पुष्कळ. पण ते आमच्या डोंगरावर जळलं, वहिनी. तुम्हाला त्याचा काय त्रास?"

धोंडोपंतांना हे फारच पटले. किंमत म्हणून कोल्हा बुधल्यातून एक घागर तेल घेऊन गेला.

"अहो, बाळंतपणाचं तेल ते," द्वारकाबाई म्हणाल्या.

"ते दिव्यात गेलं का? नाही ना? मग ते जळणात धरायचं नाही," धोंडोपंत म्हणाले.

नवा दिवा कोनाड्यात मावेना. तो छताला टांगायचा होता आणि छत तर मातीचे. मग तुळई हवी. ती आणायला गवा बोलावला. दमट रानातून तुळई ओढून त्याचे खांदे भरून आले. पाहुणचार म्हणून त्याचे खांदे तेलाने चोळून दिले. गव्याचे खांदे केवढे असतात, हे धोंडोपंतांना तेव्हा कळले.

तुळईला वाळवी लागू नये म्हणून तिला तेल पाजले. दिव्याची साखळी कुरकुरत होती, तिलाही पाजले. सुतारपक्ष्याला बिळात दिसेना, म्हणून त्याच्यासाठी मशाली लावल्या. तो पक्का कारागीर होता. घाई त्याला माहीत नव्हती. त्याचे काम संपेपर्यंत मशाली जळत राहिल्या.

"दगडी दिवा लावला असता तर?" द्वारकाबाई म्हणाल्या.

"तो मी ओढ्यात टाकला. घरात दोन दिवे असले की दोन्ही लावावेसे वाटतात."

"अहो, पळी बुधल्याच्या तळाला लागतेय."

"पण दिव्यात एक थेंब तरी गेला का?"

हसू नका, मुलांनो. हे वाक्य तुमच्या घरातही कुणीतरी म्हटलेले असणार. गोष्ट सांगणाऱ्याच्या घरात तर दर सणाला म्हटले जाते, आणि म्हणणारा बहुधा तोच असतो.

दिवा टांगून झाला. फार देखणा दिसत होता. सुतारपक्षी गेला, मशाली विझल्या आणि त्याच संध्याकाळी सुभद्रा आली. तिला दारातच कळा सुरू झाल्या.

"दिवा लावा," द्वारकाबाई आतून म्हणाल्या.

धोंडोपंतांनी बुधला उपडा केला. तो मनापासून रिकामा होता. त्यांनी पळी खरवडली, बोट फिरवले, तुळईसुद्धा हुंगून पाहिली. आत लेक कण्हत होती. उद्या एखादे नातवंड दिसले नाही तर द्वारकाबाईंना काय सांगायचे? तेल दिव्यात गेले नाही, असे?

ते तसेच शेजारी धावले. शेजारी गोदाक्का नावाची साळू राहायची. धोंडोपंतांनी आयुष्यभर तिला उधळी म्हणून नावे ठेवली होती, कारण तिचा दिवा धोंडोपंतांच्या दिव्याहूनही अधाशी होता. तिने काही सुधारलेले नव्हते, म्हणून तिचा बुधला भरलेला होता.

"अक्का, थोडं तेल द्या," ते म्हणाले.

गोदाक्काने जळता दिवा उचलला, बुधला काखोटीला मारला आणि ती आली ती पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत बाळंतिणीपाशी बसून राहिली. चारही पिल्ले वाचली.

बारशाला सारे जंगल जमले. सगळ्यांच्या माना वर. गोदाक्काच्या दिव्याच्या उजेडात नवा दिवा छान चकाकत होता.

"कसा आहे हो पंत?" कोल्ह्याने विचारले.

धोंडोपंतांनी वर पाहिले. एवढे शहाणे मुंगूस जंगलात दुसरे नाही, असे ते मनाशी म्हणाले आणि त्यांना स्वतःचेच हसू आले.

"काय सांगू?" ते म्हणाले. "बसवल्यापासून थेंबभर तेल खाल्लं नाही."

ते स्वतःची थट्टा करत होते. पण जंगलात थट्टा कुणाला कळते? सगळीकडे कुजबुज झाली. थेंबभरसुद्धा नाही! कोल्ह्याभोवती गर्दी उसळली.

गोदाक्काही उठली. "मीसुद्धा माझा दिवा बदलून टाकते म्हणते."

द्वारकाबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"बदला की, अक्का. पण आमची धाकटी माघात येणार आहे बाळंतपणाला. तेवढं होऊ द्या."

तात्पर्य : काटकसर अवश्य करावी. मात्र ती झेपण्यासाठी शेजारी एक तरी उधळे घर असावे.